गावड्यांचा रान

माझा म्हायार शिरोड्याक. बापूस मिठागरार कामाक जायचो, आवस डोक्यार पाटी घेवन मीठ इकूक फिरायची, आणि आमची जमीन म्हणशात तर दारातली तुळस आणि मागचो एक माड, तोय भावकीतलो. म्हणान लगीन होवन हंय आचऱ्याकडे इलंय आणि त्या वर्सा पौषात, भर थंडयेत, परड्यातसून पाणी खळखळत जाताना बघलंय तेव्हा माका खराच वाटाक नाय. आमच्याकडे पौषात बावडेचा पाणी तळाक जाता आणि हंय बघतंय तर दोनय अंगाक भात हिरवागार! मी सासूक इचारलंय, ह्या पाणी खंयसून येता? सासू म्हणाली, देव देता आणि आमी वाट करून देतव, तूय उद्यापासून खोरा घेवन चल. झाला, त्या दिवसापासून मी पाटात जी उतारलंय ती अजून भायर पडाक नाय.

तुमी पुण्यासून इलास म्हणान उलगडून सांगतंय. दिवाळी झाली काय सगळी वाडी मिळान वरच्या व्हाळाक दगडमातयेचो बांध घालता, आणि थंयसून काढलेलो पाट पयलो आमच्या परड्यातसून जाता आणि खाली खाली जाईत शेवटाक रुक्मिणीच्या कुणग्यात पडता. कुणगो म्हंजे तुमचा भाताचा खाचर. पावसातला भात सगळेच करतत, पण ह्या पाटाच्या पाण्यार थंडयेत दुसरा भात होता, तेका आमी वायंगण म्हणतव. पूर्वी सगळी वाडी करायची. आता तरणे मुंबयक, म्हातारे कमरेत वाकलेले, तेव्हा वायंगणाक आमी दोघीच उरलव, वरती मी आणि पाटाच्या शेपटाक रुक्मीण.

रुक्मीण माझ्याच वर्साची सून. ती वैशाखात इली, मी ज्येष्ठात, आणि ता एका महिन्याचा थोरपण ती अजून माझ्यार गाजवता. घोव लवकर गेलो तिचो. दोन झिल मुंबयत नोकरेक, दोघय बरे, दोघय मे महिन्यात येवन सांगतत, आये चल, एकटी कित्याक ऱ्हवतंस, पडलंस झडलंस तर बघतलो कोण. आणि हिचा एकच उत्तर. माझ्या वायंगणाचो उकडो तांदूळ मडक्यात आसा, ज्या दिवशी दुकानातलो तांदूळ पेजेक घालूची पाळी येयत त्या दिवशी तुमच्या वांगडा येतंय, आधी नाय. झिल हसत आणि परत जायत. सगळ्या वाडयेक ठावक ही गजाल. ती गेल्यार माझा काय होतला ह्या मात्र तेंका कोणाक इचारूचा सुचला नाय.

आता आमचो झिल, प्रदीप. मुंबयत होतो, मगे म्हणालो आये, हंयच कायतरी करतंय, आणि घरामागे दोन खोल्ये बांधल्यान, पाव्हण्यांका ऱ्हवाक, न्ह्यारी-जेवान आपल्याकडे. बरा केल्यान, माका वायट कित्याक वाटात, घरात माणूस इला. पण पाव्हण्यांका म्हणे समोर हिरवळ व्हयी. हिरवळ! सगळा कोकण हिरवा पडला हा आणि ह्यांका हिरवळ व्हयी. लॉन लायल्यान, ता मे महिन्यात करापला. मगे खंयच्यातरी नर्सरीतसून पिशये भरून ही येल घेवन इलो. पिवळी फुला, पाना तकतकीत, दिसाक बरी, ता कोण नाय म्हणता. मी म्हटलंय, हेका पाणी किती? म्हणालो, नको. खत? नको. रोग? नाय. गाय शिरली तर? आये, गाय तोंड लावणा नाय, तोच तेचो गूण, नर्सरीवालो म्हणालो. आता माका सांगा, ज्याका गाय खाणा नाय, किडो खाणा नाय, ऊन मारणा नाय, ता झाड काय भूत? मी बोललंय, पण माझ्या बोलण्याक ह्या घरात कोण इचारता. शिरा पडो त्या नर्सरीवाल्याच्या तोंडार.

एक पावस गेलो. येल गडग्यार, म्हंजे दगडी कुंपणार, चढली, गडग्यावरसून परड्यात, परड्यातसून पाटाच्या मेरेर, म्हंजे काठाच्या बांधार. जंय म्हणान तिची गाठ भुयेक टेकता थंय मूळ. आणि पाटाक तर बारमास ओल, तिका काय, सरगच! दिवाळेक बांध घातलव, पाणी सोडलव, तर पाणी आमच्याच परड्यात फुगान रस्त्यार गेला. खाली रुक्मीण खोरा घेवन उभी. थंयसून हाक मारता, मंगल, पाणी सोडलास काय गो? मी म्हणतंय, सोडला. मगे गेला खंय? मी काय सांगू? ती वर चढान इली, पाटात बघल्यान आणि म्हणाली, तुझ्या झिलाच्या फुलांनी पिला गो. तेव्हा हसली तरी होती.

मगे वाडयेन ठरवल्यान, येल उपटून पाट साफ करूचो. आणि हंय जी चूक झाली ना, ती फकस्त आमचा कोकणी माणूसच करू शकता. आमच्याकडे हिरवा काय्येक फुकट जावक देणत नाय. तण काढला, माडाच्या आळ्यात. फणसाचो पालो, माडाच्या आळ्यात. म्हावरा धुतलेला पाणी, ता पण माडाच्या आळ्यात. आळा म्हंजे बुंध्याभोवतीचो खड्डो, थंय कुसता आणि तेचा खत होता, बापजाद्यांपासून असाच. तर येल उपटून उपटून ही मोठी रास पडली, वली, जड, रसरशीत, आणि बघता बघता जो तो भारो बांधूक लागलो. आमचे हे सगळ्यांच्या फुडे. फुकटचा खत मंगल, फुकटचा खत, असा म्हणीत घामाघूम होवन भारे व्हावल्यानी. माका चार दी, माका चार दी, अरे भाऱ्यांवरना भांडणा झाली हो! रुक्मिणीन पण आपल्या माडांका नेल्यान. सांजेक सगळ्यांनी चाय घेतली, पाट नितळ, पाणी थेट खालपर्यंत, आणि त्या वर्सा रुक्मिणीचा वायंगण असा झाला की तिणा माका नव्या तांदळाचे पोळये करून धाडल्यान.

आणि मगे पावस इलो. काय सांगू तुमका! प्रत्येक माडाखाली पिवळा. ज्यान जितके भारे नेल्यान तितका तेका पिवळा. कुसाक घातला ता कुसला नायच, तुकड्या-तुकड्यान मूळ धरल्यान आणि आळ्यातला आधीचा खत पण तिणाच खाल्ल्यान. माडाखालसून ती मेरेर गेली, मेरेवरसून कुणग्यात. मेरेर गायीक कापूचा गवात होता, ता तिच्याखाली घुसमाटला. टाकळो, जो श्रावणात आमी भाजयेक खुडतव, तो दिसाक नाय. आमची गाय मेरेर उभी ऱ्हवता आणि माझ्या तोंडाकडे बघता, जसा काय मीच खाल्लंय तिचा गवात. आणि पाव्हणे? पाव्हणे थंयच उभे ऱ्हवान फोटो काढतत. एका पाव्हणीन तर माका इचारल्यान, काकू, हे फूल तुमच्या कोकणाचं खास आहे का? मी म्हटलंय, व्हय बाय, आता झाला तसाच.

मगे तेका नाव पडला. रानमोडीक नाव आसा, घाणेरीक आसा, हिका नको? खरा नाव कोणाक ठावक नाय, तेव्हा वाडयेन आपला ठेवल्यान, गावड्यांचा रान. आमी गावडे. दुकानार साखर आणूक गेलंय तर माझ्या फुड्यात एकटो दुसऱ्याक सांगता, अरे माझ्या बागेत गावड्यांचा रान शिरला, काय औषध आसा काय रे? माझ्या तोंडार! माझ्या सासऱ्यान हयातभर त्या व्हाळाक बांध घातल्यान, तेचा नाव कोणी पाटाक दिला नाय, आणि ह्या रानाक आमचा नाव. आणि भारे कोणी नेल्यानी रे मेल्यांनू? करून गेलो गाव आणि कांदळगावचा नाव! मी साखर घेतलंय आणि चपलेचो आवाज करीत घराकडे इलंय, दुसरा काय करतलंय.

त्या दिवाळेक पाट साफ करूक कोण इलोच नाय. जो तो आपल्या बागेत वाकान उपटीत होतो. मी नि ह्यांनी मिळान आमच्या हद्दीतलो पाट मोकळो केलव, माझा वायंगण झाला. पण खाली? रुक्मिणीच्या कुणग्यांत रान ढोपराभर. तिणा टिलरवालो बोलवल्यान, पैशे घेवन टिलरवालो इलो, टिलर फिरवल्यान, आणि येल बारीक बारीक चिरान सगळ्या कुणग्यांत समान पसारली, पेरल्यासारखी. पंधरवड्यात परत हिरवी. ती मेरेर बसान बघीत होती. मी गेलंय तिच्याकडे तर माका म्हणाली, मंगल, तुमका जा आवरूक येणा नाय ता घराकडे आणल्यात कित्याक? इतक्याच. उठली आणि गेली, आणि मगे माझ्याकडे बोलणाच सोडल्यान. तिची वाट माझ्या परड्यातसून, ती लांबच्या रस्त्यान फिरान जावक लागली. मिरग जवळ इलो तसा एक दिस बघतंय तर रेशनच्या दुकानातसून येता, डोक्यार तांदळाची पिशयी, मान खाली. माझा घर भरान भात आणि ही असा माझ्या दारावरसून दुकानातलो तांदूळ घेवन जाता. आणि मुंबयत झिलांका कळल्याशिवाय ऱ्हवता? फोन इलो. आये, तूच सांगितलेलंस. आता जत्रेक येतंय, जत्रा झाली काय चलूचा.

मी प्रदीपाक म्हटलंय, आता तोंड बंद कर आणि कोणतरी शिकलेला माणूस घेवन ये. कृषी खात्यातली मॅडम इली, ल्हान चेडू, पण समाजदार, चिखलात उतारली. तिच्याकडे मी आपली ऑफिसातल्यासारखी बोललंय, मॅडम, ही वेल मरत का नाही? म्हणाली, काकू, ही आपल्याकडची नाही, समुद्रापलीकडच्या देशातली आहे, तिथं तिला खाणारे किडे आहेत, रोग आहेत, शेजारची झाडं तिच्याशी झगडायला शिकलेली आहेत, इथं तिला कोणी ओळखतच नाही. मी म्हटलंय, मग काजू? तो पण बाहेरचाच ना? मिरची, पपई, अननस, सगळं दर्यापलीकडचं, त्यांनी कधी गाव खाल्ला नाही. ती म्हणाली, अहो बाहेरून आलेली बहुतेक झाडं गुमान राहतात, नाहीतर मरून जातात. काजूची बी रुजायला लागते, वाढायला वर्षं लागतात, वर त्याला खोडकिडा आहे, ढेकण्या आहे, माकडं आहेत. एखादंच झाड असं निघतं की ज्याला इथं खाणारं कोणी नाही, बी लागत नाही, तुटेल तिथून फुटतं, ओल मिळाली की समुद्राच्या वाळूतही धावत सुटतं, आणि माणूस त्याला स्वतःच्या हातानं घरोघर पोचवतो.

मी म्हटलंय, समाजला मॅडम, काजूक सासू आसा आणि हिका सासू नाय. मॅडम अशी हसली की पाटात पडाची. पण खोटा काय तेच्यात? मी भायली, रुक्मीण भायली, आमका पयल्या दिवसापासून कोण ना कोण टोकणारा होता, उठता बसता. ह्या बयेक आमी पाटार नेवन बसवलव, वर खत घातलव आणि वर कोणी काय बोलूचा नाय. मगे ती डोक्यार बसतली नाय तर काय करतली.

उपाय इचारलंय तर म्हणाली, हातानं मुळासकट काढा, गाठ ठेवू नका, पाण्यात टाकू नका, आळ्यात तर अजिबात नाही, कातळावर पसरून कुरकुरीत वाळवा मग जाळा, आणि परत उगवेल तेव्हा परत काढा. मी इचारलंय, किती वर्षं? मॅडम पायाचो चिखल धुवक लागली. ह्यांका हाताचा काम म्हटल्यार पोटात दुखाक लागता, तेव्हा हे म्हणाले, औषध मारूया. मी म्हटलंय, मारा, ता पाटातसून बावडेत जातला, पयलो तांब्यो तुमी पिया. मगे म्हणाले, खाडयेचा खारा पाणी ओतूया. अहो, मी मिठागराकडली, माका मीठ शिकवतास? खाऱ्या पाण्यान भाताची जमीन जातली आणि ह्या रान दर्याच्या वाळयेत पण रुजता, आताच ती मॅडम सांगान गेली! आणि झिल? तेका म्हटलंय, आधी आपल्या दारातला काढ. तर म्हणता, आये, मोबाईलार सगळे फोटो तेचेच, ते बघान पाव्हणे येतत, सीझन संपांदे. तुझो सीझन संपणा नाय, ह्या रान संपणा नाय, एक दिस मीच संपतलंय, मगे माझो फोटो लाव, असा सांगान मी जेवक बसलंय नाय त्या दिवशी.

जत्रा इली. रुक्मिणीचो थोरलो झिल इलो, तिणा बॅग भरल्यान, ता पण माका दुसऱ्याच्या तोंडसून कळला. देवळात गाऱ्हाणा होता, तुमका ठावक नसात, गावकर देवासमोर उभो ऱ्हवान गावाचा सुखदुख सांगता आणि सगळो गाव व्हय म्हाराजा म्हणता. गावकरान सुरू केल्यान, बा देवा म्हाराजा, आज ही सगळी तुझी लेकरा तुझ्या पायाकडे जमा झाली हत. व्हय म्हाराजा! जो कोण पोटापाण्याक परमुलखात गेलो हा तेका बरो ठेव रे म्हाराजा. व्हय म्हाराजा! आणि ह्या जा काय गावड्यांचा रान गावात पसारला हा... माझी मान खाली गेली. प्रदीप बाजूक, तेचे कान लालबुंद. गाव व्हय म्हाराजा म्हणूक तोंड उघडता तर बायकांतसून आवाज इलो, थांब रे गावकरा.

गाऱ्हाणा मधीच तोडलेला मी हयातीत ऐकाक नाय. बघतंय तर रुक्मीण. म्हणाली, देवाक खोटा सांगा नको. गावड्यांनी आपल्या दारात लायल्यानी, भारे सगळ्या गावान नेल्यानी, मी पण नेलंय. नाव घेवचा आसात तर सगळ्यांचा घे, नाय तर नुसता रान म्हण. कोण कोणाकडे बघणा नाय. गावकर खाकारलो, डोक्यावरचो फडको सारको केल्यान आणि म्हणालो, बा देवा म्हाराजा, ह्या जा काय रान आमी सगळ्यांनी आपल्या हातान पसारला हा, ता आपल्याच हातान उपटूक आमका बळ दी रे म्हाराजा. व्हय म्हाराजा! देवळाचा छप्पर उडात असो आवाज. मी पण म्हटलंय, आणि डोळ्यांतसून पाणी इला.

दुसऱ्या दिवशी उठान बघतंय तर प्रदीप दारातली येल खणता हा, कोणी सांगूक नाय, काय नाय. कातळार नेवन वाळत घातल्यान, जाळल्यान. माका म्हटला, इलो एकदाचो ताळ्यार. तर आठ दिवसांनी म्हणता कसो, आये, नर्सरीत एक जांभळ्या फुलांची येल आसा, तिका पण पाणी लागणा नाय. मी हातातली पळी तशीच ठेवलंय आणि इचारलंय, गाय खाता? मोबाईल खिशात घालून भायर गेलो. आता थंय मी झेंडू लायलंय. झेंडू पण भायलोच म्हणे, मॅडम म्हणाली, पण तो बापडो एका पावसान मरता, तेवढी अक्कल तेका आसा.

रुक्मीण म्हणाली, रान उपटून एक वायंगण करून बघतंय, म्हणान तिचो झिल बॅग थंयच ठेवन एकटोच मुंबयक गेलो. पयल्या आठवड्यात देवाच्या भयान सगळी वाडी पाटात उतारली, मगे एकेकाची कंबार दुखाक लागली, आता रोज सकाळी आमी दोघीच. बोलणा नाय, चालणा नाय, ती एका मेरेर, मी दुसऱ्या, गाठ सोधूची, मूळ काढूचा, टोपलेत घालूचा. काल काढला थंय आज परत कोंब बघल्यार माका तर मेरेर डोक्या आपटूचा वाटता. इतक्या करून यंदा तिचो एकच कुणगो मोकळो झालो. आज थंय तरव्याची, म्हंजे भाताच्या रोपांची, लावणी आसा. एका कुणग्याची पेज किती दिस पुरात? गणपतीपर्यंत पण नाय.

ता माझ्या मनात सलत होता. काल न ऱ्हवान मीच तोंड उघडलंय, गो, मगे जातलंस तू? खाली मान घालून म्हणाली, भात संपला काय जातंय, बोललंय ता बोललंय. मी म्हटलंय, तू दुकानातलो तांदूळ म्हटलेलंस. माझ्या वायंगणाचो तांदूळ काय दुकानातलो? त्याच पाटाचा पाणी तेका, तुझ्या आधी माझ्याकडे येता इतक्याच. हात थांबले तिचे. मगे म्हणाली, फुकट घेवचंय नाय, मोजान दी, आणि माझे कुणगे सुटले काय मोजान परत करतलंय. मी म्हटलंय, कर गो मेल्ये, शंभर वर्सा लागांदेत, पण हंय ऱ्हवान कर.

ऐकलास? हाक मारता बघा, मंगल, ऊन चढला, तरवो सुकता, कोणाकडे गजाली मारीत बसलंस. एक महिन्यान थोरली ना ती! जातंय मी. तुमी पण नीट जावा, देव बरा करो तुमचा, पोराबाळांचा. आणि मेरेवरसून नको, रस्त्यान जावा, चपलेक तुकडो चिकाटलो तर पुण्यात आमचा नाव जातला.